ओला माल तपासायचा नसतो

सकाळी सात वाजता आमच्या गल्लीतली माणसं कट्ट्यावर बसून पेपर वाचतात. चेकरमामा सशाच्या लेंड्या वाचतात.

अगदी मन लावून वाचतात. मांडीवर काळं फडकं, फडक्यावर उन्हात वाळवलेल्या लेंड्या. एकेक लेंडी चिमटीत धरायची, उन्हाकडं करायची, बोटांत फिरवायची, हलकेच दाबायची आणि मग डावीकडं नाहीतर उजवीकडं ठेवायची. डावीकडची 'पास', उजवीकडची 'सेकंड'. सगळ्या झाल्या की दाराकडं तोंड करून जाहीर करायचं, "आज माल चांगला हाय." त्यानंतर आतून चहा येतो. माल चांगला नसेल तर मामा चहा पीत नाहीत.

माझ्या नणंदेला बघायला मंडळी आली होती, त्या दिवशीची गोष्ट. मुलाचे काका पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि मामांच्या शेजारी जाऊन बसले. "काय निवडताय? काळे हरभरे का?" असं म्हणत त्यांनी एक दाणा सहज उचलून तोंडाजवळ नेलादेखील. मामा शांतपणे म्हणाले, "खाऊ नका. अजून तपासलं न्हाय."

लग्न ठरलं. काका मात्र आमच्या घरी परत कधी आले नाहीत.

मामांचं खरं नाव राजय्या. गल्लीत ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. सोलापुरातल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी सारी हयात चेकर म्हणून काढली. चेकरचं काम म्हणजे मागावरून उतरलेला माल उजेडासमोर ताणायचा, कुठं तार तुटलीय, कुठं गाठ आलीय, कुठं डाग पडलाय ते शोधायचं आणि तिथं निळ्या खडूनं फुली मारायची. फुली नसलेला माल पहिल्या नंबरचा, फुलीवाला सेकंड. कारखाना सुटला, पण खडू काही सुटला नाही. तो सदऱ्याच्या खिशात असतो आणि मामांची नजर जिथं जाईल तिथं फुली उमटते. आमच्या भिंतीला तडा गेला, फुली. माझ्या स्कूटरवर ओरखडा आला, फुली. मामींनी केलेली ज्वारीची भाकरी एका बाजूला करपली, तर भाकरीवरही फुली. मामींनी त्या दिवशी मामांना खडूसकट भाकरी खायला लावली.

हळदीकुंकवाला माझ्या सासूबाई नवी इरकल नेसून मिरवत होत्या. दारात मामांनी पदर नुसता बोटांत धरला आणि काठाजवळ फुली मारली. सासूबाई संतापल्या. दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेल्या, तर दुकानदारानं फुलीच्या जागी भिंग लावून बघितलं आणि न बोलता साडी बदलून दिली. तेव्हापासून गल्लीत कुणाकडं लग्न निघालं की बस्त्याची गाठोडी आधी मामांच्या कट्ट्यावर येतात. मामा एकेक साडी हाताखालून घालतात, बायका दम धरून बसतात, आणि 'पास' म्हटलं की मगच हळद दळायला जाते. मामांच्या कट्ट्याला असा मान आहे.

मी शैला. सात रस्ता चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोक सकाळची डबी पुढ्यात आणून ठेवतात आणि मी ती उघडते. माझं पोट लोकांच्या पोटावर चालतं. त्यामुळं मामांच्या लेंड्यांची मला किळस नव्हती, उलट धंद्यातला माणूस भेटल्याचा आनंदच होता. मामा मात्र मला बरोबरीचं मानत नसत. "तुमचं काय अक्का, तुमच्याकडं यंत्र हाय. आमची नुसती नजर."

या लेंड्या जिच्या, ती मलमल मामांकडं आली ती अशी. रस्त्याकडेला एक माणूस पिंजऱ्यात ससे घेऊन बसला होता. मामा थांबले आणि सवयीप्रमाणं सगळे ससे तपासले. एकीचा कान फाटका निघाला. "ही सेकंड हाय," मामांनी निकाल दिला. विकणारा म्हणाला, "म्हणून तर कुणी घेईना." हे ऐकून मामा जरा वेळ उभे राहिले आणि फाटक्या कानाची तीच पिशवीत घालून घरी घेऊन आले. उभ्या जन्मात घरात सेकंडचा टॉवेल न आणलेल्या माणसानं ससा तेवढा सेकंडचा आणला. पांढरीशुभ्र, हाताला मऊ, म्हणून नाव मलमल.

पहिल्याच आठवड्यात मामा धावत आमच्याकडं आले. "अक्का, अय्यो, माल परत खायलीय!"

मी जाऊन बघितलं. मलमल मान खाली घालून स्वतःच्या बुडाखालून द्राक्षाच्या घोसासारखं काहीतरी मऊ मऊ तोंडानं उचलून गिळत होती. मी मोबाईलवर शोधलं. ससे असं करतातच. पहिल्या फेरीत अन्न नीट पचत नाही, म्हणून ते मऊ घोस परत खातात, आणि दुसऱ्या फेरीत गोल कोरड्या लेंड्या टाकतात. मी हे समजावलं तेव्हा मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे रिजेक्ट माल परत मागावर चढवती. लई हुशार हाय."

तर मामांच्या तपासणीला एक नियम होता, कारखान्यातला. ओला माल तपासायचा नसतो. ओल्या कापडात तुटलेली तार दडून बसते, डाग दिसत नाही, म्हणून माल आधी वाळवायचा. त्यामुळं रात्रभराच्या लेंड्या मामा सकाळी गोळा करायचे, फडक्यावर पसरून ऊन दाखवायचे आणि मगच हातात घ्यायचे. सोलापूरच्या उन्हात लेंडी वाळायला कितीसा वेळ लागतो!

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या लेंड्यांवर पांढरे धागे दिसायला लागले. बारीक, नखाएवढे. मामांना ते दिसले नाहीत, बोटाला लागले.

"सूत हाय," मामांनी जाहीर केलं आणि दाराकडं वळून मामींवर खेकसले, "तुझा दोरा खाल्ला हिनं!"

मामी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. तेंदूच्या पानात तंबाखू, वर दोऱ्याचे दोन वेढे, हात यंत्रासारखे चालतात आणि तोंड त्याहून जोरात. त्यांनी सुपातली रिळं उचलून मामांच्या नाकापुढं धरली. "दोरा कसला हाय? गुलाबी. तुमच्या लेंडीवर काय हाय? पांढरं. मग माझं नाव कशाला घेता?"

मामांनी बोटांतली लेंडी पुन्हा फिरवली. "मग टॉवेलाचं सूत. काठाची दशी कुरतडली असंल. वीस नंबरचं हाय, बोटाला कळतंय की."

प्रकरण तिथं मिटलं असतं. पण एका संध्याकाळी मलमल आमच्या पायपुसण्यावर येऊन बसली आणि बसल्या बसल्या चार ताज्या लेंड्या ठेवून गेली. मी केरसुणी घेऊन वाकले आणि तशीच थांबले. लेंडीवरचं वीस नंबरचं सूत वळवळत होतं.

मी तडक मामांकडं गेले. "मामा, ते सूत नाही, जंत आहेत. हलतायत."

"सूत हलत न्हाय."

"तेच सांगतेय मी!"

मामा ताठ झाले. "अक्का, माझी सारी जिनगानी सुतात गेली. तुमी मला सूत शिकवायचं न्हाय. मी रोज बघतो, हललेलं कधी बघितलं न्हाय."

ते खरंच होतं. उन्हात वाळल्यावर जंत कशाला हलतील? मामांच्या नियमानं बिचारे जंत रोज मरून, वाळून, दोऱ्यासारखे होऊनच त्यांच्या हाती पडत होते. मी म्हटलं, "मामा, एकदा ओला माल बघा." तर जणू देवळात चप्पल घालून चला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद.

मलमलचं खाणं मात्र कमी व्हायला लागलं होतं. लसूणघासाची जुडी सकाळी टाकली की संध्याकाळी निम्मी तशीच. ती बुड जमिनीला घासायची, सारखी मागं वळून चाटायची. पूर्वी हाताला लागायची नाहीत ती पाठीची हाडं आता लागत होती, आणि मलमल म्हणावी असं तिच्या केसांत काही उरलं नव्हतं. गल्लीत ज्याला त्याला औषध ठाऊक. कुणी वावडिंग म्हणालं, कुणी कडुलिंब, कुणाच्या मेव्हण्याच्या घरी शेळीला पाजायचं औषध शिल्लक होतं. मामा सगळ्यांना एकच उत्तर देत. "उन्हाळा हाय. उन्हाळ्यात माल कमीच पडतो." पण त्यांचा सकाळचा चहा बंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये मामी आल्या. पदराखालून विड्यांच्या कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ताजी हाय. त्यास्नी सांगू नका."

माणसांच्या लॅबमध्ये सशाचं काही तपासायची पद्धत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत, लॅबचे सर बाहेर गेलेले बघून, काच तयार केली. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी होती, एका बाजूनं चपटी, लांबट. पुडीतल्या लेंडीवर तर जंत नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. सर नेमके तेवढ्यात परत आले. "पेशंट कोण?" मी म्हटलं, "मलमल, वय दीड वर्ष." सरांनी लहान मूल समजून हळहळ व्यक्त केली आणि डोळा काचेला लावला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "याला जनावरांच्या डॉक्टरकडं पाठवा," एवढंच म्हणाले. "आणि टेबल फिनेलनं पुसून घ्या."

मी त्याच संध्याकाळी मामांसमोर उभी राहिले. भांडायला गेले होते, पण मामा मलमलला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाशी मेथीचं एक पान धरून बसले होते. "चूडु, चूडु," बघ, बघ, असं तेलुगूत तिला चुचकारत होते. ती बघतही नव्हती. मला भांडता आलं नाही. मी म्हटलं, "मामा, ससा दिवसभर उपाशी राहिला तर जातो. तुम्हाला सूत वाटतंय तर सूत. पण ते पोटातून निघायला पाहिजे की नको?"

मामांनी मेथीचं पान खाली ठेवलं. "पाहिजे की."

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. आवारात शेळ्या, एक म्हैस आणि मंगळवेढ्याकडचा एक मेंढपाळ आपली दोन मेंढरं घेऊन बसला होता. त्यानं मामांच्या पिशवीत डोकावलं.

"ह्ये काय हाय? मांजार?"

"ससा."

"जंत झाल्यात? आमच्या मेंढरास्नी तर वर्साला पाजावंच लागतंय." मग त्यानं आपुलकीनं विचारलं, "खायाला पाळलाय का?"

मामांनी मलमलचे दोन्ही कान हातांनी झाकले.

डॉक्टर तरुण होता, पण शांत होता. खाते का, किती दिवस, मागं खाजवते का, संडास पातळ होते का, वजन उतरलं का, असं एकेक विचारत गेला. हातानं पोट चाचपलं. तेवढ्यात मलमलनं कुणी न मागता टेबलावरच ताजा माल दिला. डॉक्टरनं एक लेंडी काचेवर घेऊन मामांपुढं धरली. "हे बघा. दिसतंय? पांढरं, हलतंय ते."

मामा वाकले. दारातनं डोकावणारा मेंढपाळ म्हणाला, "आरं, वळवळालंय की!" मामा बराच वेळ वाकूनच होते. मग म्हणाले, "व्हय. दिसलं."

डॉक्टरनं मलमलला पिशवीत घालून काट्याला लावलं, वजनाप्रमाणं औषध मोजून तिच्या गालाच्या फटीतून पाजलं. शेळीचं औषध अंदाजानं कधीही पाजायचं नाही, म्हणाला. हे जंत माणसाला होत नाहीत, गल्लीतल्या लोकांना सांगा, हात मात्र धुवा. पिंजरा रोज साफ ठेवायचा, कारण ती मऊ घोस परत खाते आणि त्यातून अंडी परत पोटात जातात. पंधरा दिवसांनी दुसरा डोस. "आणि तोवर रोज ताजी लेंडी बघायची. वाळवून नाही, ताजी. पांढरं दिसलं, पातळ झालं, खाणं थांबलं, की लगेच यायचं. काही जंत डोळ्यांना दिसतच नाहीत, पण हे दिसतात, तेवढं तरी सुटता कामा नये. कोण बघणार, तुम्हीच ना?"

"व्हय," मामा म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. फाटकापाशी मामा थांबले. पिशवीतून मलमलचा फाटका कान बाहेर आला होता, तो त्यांनी आत सरकवला. मग मागं वळले, शेळ्यांच्या गर्दीतून वाट काढत पुन्हा डॉक्टरच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले. मी मागोमाग पोचले तेव्हा ते बोलत होते, आणि मोठ्यानं बोलत होते, बाहेर मेंढपाळालाही ऐकू जाईल इतक्या.

"मी मगाशी खोटं बोललो. मला दिसलं न्हाय. मला दिसतच न्हाय. रोज बघायचं माझ्यानं व्हणार न्हाय. दुसऱ्या कुणाला तरी सांगा, न्हाईतर ही मरंल."

डॉक्टरनं उठून त्यांना खिडकीपाशी नेलं आणि डोळ्यांत बघितलं. "मामा, मी जनावरांचा डॉक्टर. पण म्हशीला असा मोतीबिंदू झालेला असता तर मी तिच्या मालकाला रागावलो असतो."

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही फाटकाबाहेरच्या दगडावर बसलो. मामा आपणहून सांगत होते. कारखान्यातली शेवटची वर्षं त्यांनी बोटांवर काढली होती. तार तुटली की बोटाला कळायचं. उजेडासमोर धरायचे ते नुसतं लोकांना दाखवायला. साड्यांचंही तसंच, आणि लेंड्यांचंही. गोल हाय, कोरडी हाय, दाबली की चुरा होतोय, म्हणजे पास. मला एकदम सासूबाईंची इरकल आठवली आणि लाज वाटली. दहा पावलांवर राहून मला हे कळलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"चेकरला दिसत न्हाय म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर कोण यील अक्का?" मामा म्हणाले. "नुसतं म्हाताऱ्याकडं कोण येतंय?"

मी त्यांच्या हातातली पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकते. दोन्ही डोस झाले, पंधरा दिवस रोज सकाळी मी ताजी लेंडी बघत होते, मलमलनं पुन्हा बाळसं धरलं. मामांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्या दिवशी त्यांनी घरभर इतक्या फुल्या मारल्या की मामींनी खडू लपवून ठेवला. हे सगळं पुढचं. मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

रिक्षातून उतरलो तेव्हा मामी उंबऱ्यात विड्या वळत होत्या. मामा समोर जाऊन उभे राहिले, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे. "मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "लई दिवसापास्नं."

मामींचे हात थांबले नाहीत. "मला कळून तीन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "पाण्याचा तांब्या रोज उजव्या हाताला कोण ठेवतंय? चपला उंबऱ्याला लावून कोण ठेवतंय? आपोआप व्हतंय व्हय?"

मामांनी विचारलं, "मग बोलली का न्हाईस?"

मामींनी हातातली विडी बांधली, दोरा तोडला. "तुमी चेकर. मी कशाला तुमच्यात फॉल्ट काढू?"

मामा चाचपत उंबऱ्यात बसले आणि मलमलला मांडीवर घेतलं. मामींनी सूप थोडं बाजूला सारलं आणि त्यांना नीट बसता यावं म्हणून जागा करून दिली.